टोकबाईचा ब्रेक

कारखान्यात तिला सगळे टोकबाई म्हणत. शर्टाच्या कॉलरची दोन टोकं सरळ, सारखी आणि बोटाला बोचतील अशी काढणं हे काम वाटतं तितकं सोपं नसतं. बहुतेकांचं एक टोक ताठ उभं असतं आणि दुसरं पेंगत असतं. टोकबाईची दोन्ही टोकं जागी असत. एवढा एक तीक्ष्णपणा सोडला तर बाई स्वभावाने अगदी बोथट. भांडणात मागे, रांगेत मागे, आणि रस्ता ओलांडताना तर इतकी मागे की पलीकडे जायचं काम पुष्कळदा दुसऱ्या दिवसावर जाई.

तिच्या पुढ्यातलं मशीन सुई डोळ्याला दिसू नये इतक्या वेगाने चाले. त्याची मात्र तिला कधी भीती वाटली नाही. मशीन जागेवर राहतं, असं तिचं म्हणणं.

मग कारखानाच जागेवरून हलला. मालकाला नदीपलीकडे, गोदामांच्या वस्तीत, मोठी शेड मिळाली. तिकडे जाणाऱ्या बस होत्या दोन. एक पहाटे, शेडचं कुलूप उघडायच्या कितीतरी आधी पोचे, आणि दुसरी हजेरी लागून गेल्यावर. पहिली पुष्कळदा येतच नसे. सुपरवायझरने सांगून टाकलं, वेळेवर या, नाहीतर येऊ नका, इकडेही शिवणाऱ्या बायका आहेत. टोकबाईच्या नवऱ्याची नोकरी डोळ्यांपायी सुटली होती. त्याच्या नजरेच्या मधोमध डाग धरला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. घर चालत होतं ते दोन बायकांवर: टोकबाई आणि तिची धाकटी नणंद, जी त्याच कारखान्यात चेकिंगला होती. दोघींना रोज नदीपलीकडे वेळेवर पोचणं भाग होतं, आणि जिन्याखाली नवऱ्याची मोटारसायकल धूळ खात उभी होती.

"मी शिकले असते," नणंद म्हणाली, "पण मला साधी सायकल येत नाही. वहिनीला निदान पायाने काहीतरी चालवायची सवय आहे."

हा मुद्दा त्या वेळी सगळ्यांना पटला.

शिकवलं नवऱ्याने, मोकळ्या मैदानात, मागे बसून. समोरचं दिसत नसल्यामुळे तो कानाने शिकवी.

"आता दुसरा गिअर टाक. रडतेय बघ ती."

"कोण?"

"गाडी."

"मला वाटलं मी."

थोडं पुढे गेल्यावर तो विचारी, "समोर काय आहे?"

"भिंत."

"मग वळव की."

"अहो, तुम्ही आधी उतरा."

परीक्षा आठचा आकडा काढून झाली. परीक्षकाने पाय जमिनीला टेकतो का एवढंच पाहिलं. पाय टेकला नाही, कारण भीतीने तो हलतच नव्हता. परीक्षकाला तो तोल वाटला आणि टोकबाईला परवाना मिळाला.

त्यानंतर रोज सकाळी दोघी निघत. टोकबाई इतकी हळू चालवी की सायकलवाले मागे टाकून जाताना वळून बघत. पुढे काही थांबलेलं दिसलं की ती फार आधीपासून वेग उतरवत आणी आणि शेवटी दोन्ही पाय टेकवून उभी राही. घाईने थांबायची वेळच येऊ द्यायची नाही, अशी तिची पद्धत होती. मागे नणंद बसल्या बसल्या रस्ता तपासून घेई. चेकिंगच्या माणसाला दोष शोधल्याशिवाय करमत नाही. "डावीकडे खड्डा. उजवीकडे माणूस. माणूस गेला. खड्डा आहेच अजून."

"वन्सं, खड्डा कुठे जाणार आहे?"

"आपण जातोय ना त्याच्याकडे."

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी रस्ता कोरडा होता, ऊन चांगलं होतं, आणि दोष द्यायला काही म्हणजे काही नव्हतं. पूल संपतो तिथून गोदामांकडे चढ लागतो. पुढे फरश्या भरलेला ट्रक चालला होता. तो नीट चालला होता, म्हणून टोकबाई त्याच्यामागे नीट चालली होती. आणि ट्रक एकाएकी थांबला.

टोकबाईने थांबायचं ते केलं. म्हणजे तिच्या अंगाने केलं. तिला विचारलं नाही. उजव्या पायाची टाच खाली गेली आणि उजव्या हाताने मुठीतलं आपल्याकडे ओढलं. गाडी ओरडली आणि पुढे झेपावली. नणंदेने "वहि—" एवढं म्हटलं.

पुढचं टोकबाईला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ट्रकच्या मागच्या फळीवरचा निळा रंग एकदम मोठा झाला. मग आभाळ आलं. मग काहीच आवाज नाही, आणि डोळ्यांसमोर एक टायर. इतक्या जवळून टायर तिने पाहिला नव्हता. खाचांमध्ये बारीक खडे अडकले होते, एका खाचेत बाटलीचं झाकण होतं, आणि रबराचा गरम वास येत होता. मोटारसायकल पायावर आडवी पडली होती. पाय दुखत नव्हता. तो आपला आहे असंच वाटत नव्हतं. हेल्मेट रस्त्याला टेकलं होतं, आणि हेल्मेट आणि टायर यांच्यात जेमतेम हात मावला असता.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. एवढे दिवस कानाने शिकल्यामुळे तिला तो कळला. ट्रक निघत होता. चढावर उभा असलेला भरला ट्रक पुढे जायच्या आधी किंचित मागे येतो, हेही तिला माहीत होतं. नवऱ्याने मैदानात सांगितलं होतं की चढावर ट्रकच्या मागे चिकटू नये. बाटलीचं झाकण हळूच खाली सरकलं. टायर तिच्याकडे येत होता, अगदी सावकाश, पीठ मळावं तसा खडे दाबत. तिने ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. आवाज काढायचं काम नेहमी नणंदेकडे असे, आणि नणंदेचा आवाज कुठूनच येत नव्हता. टायरपेक्षा त्या शांततेची तिला जास्त भीती वाटली. वन्सं गेल्या, आणि आता मी, आणि ह्यांना समोरचं दिसत नाही, असं तिच्या मनात त्याच क्रमाने आलं.

मग पत्र्यावर धाड धाड आवाज झाला.

नणंद कडेच्या गवतात पडली होती. उठली तेव्हा पायात एकच चप्पल होती. तिने हेल्मेट काढून ट्रकच्या अंगावर आपटायला सुरुवात केली. ड्रायव्हरला वाटलं कोणी भांडायला आलंय. तो ब्रेक दाबून खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "काय झालं बाई? मी काय केलं?"

"मागे माणूस आहे. चाकाजवळ. हलू नकोस."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "मला उतरता येत नाही," तो म्हणाला. "हँडब्रेक धरत नाही. पायाने दाबून ठेवलाय."

"मग दाबून ठेव."

"पाय थरथरतोय."

"थरथरू दे. उचलू नको."

नणंद मागे आली. आधी वहिनीला ओढावं की आधी चाकाला काही लावावं, हा विचार करायला तिला फार वेळ नव्हता. टोकबाई खालून पाहत होती. नणंद पाठ फिरवून निघून गेली. टोकबाईला वाटलं, पळाली. तिला त्यात नवल वाटलं नाही, रागही आला नाही. आपणही पळालो असतो. मग नणंद रस्त्याच्या कडेचा तुटलेला दगड पोटाशी धरून परत आली, गुडघ्यावर बसली आणि तो चाकामागे सारला. पुन्हा गेली. दुसरा आणला. दोन्ही दगड हाताने हलवून पाहिले. मग एक उचलून नीट बसवला.

"वन्सं," टोकबाई कुजबुजली, "आता तरी तपासत बसू नका."

"गप्प पड."

वरून ड्रायव्हर विचारत होता, "झालं का? बाई, झालं का?" आणि नणंद दर वेळी तितक्याच शांतपणे "नाही" म्हणत होती. तिने मोटारसायकल उचलली. एरवी तिच्याच्याने ती जिन्याखालून ढकलवत नसे. टोकबाईला काखेत धरून तिने मागे ओढलं, आणि दोघी गवतात येऊन पडल्या. "झालं," नणंद म्हणाली. ट्रक दगडांवर किंचित टेकला, आणि मग पुढे गेला. वर सपाटीवर जाऊन ड्रायव्हरने तो थांबवला, धावत खाली आला, आणि दोघींच्या शेजारी बसून त्यांच्यापेक्षा जास्त रडला.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर चढलं. सुपरवायझरने कळवलं की प्लास्टर निघेपर्यंत जागा ठेवतो, त्याच्यापुढे नाही. हा त्याच्या स्वभावातला चांगुलपणा धरला गेला. नणंद पहाटेच्या बसने जाऊ लागली आणि बस येईल त्या दिवशी शेडच्या बंद दारापाशी डुलक्या काढू लागली. ज्या दिवशी बस येत नसे त्या दिवशीच्या खाड्यांवर सुपरवायझरचं लक्ष होतं.

घरी नवरा टोकबाईला दर थोड्या वेळाने सांगे, "चूक माझी. मीच नीट शिकवलं नाही." ती म्हणे, "तुमची नाही." याहून जास्त तिला काही सांगता येत नसे, कारण चूक कोणाची हे तिलाही कळलं नव्हतं. ब्रेक कुठे आहे हे तिला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मग पायाने असं का केलं? डोळे मिटले की टायर येई, खड्यांसकट. उघडे ठेवले की हा प्रश्न येई.

उत्तर मिळालं ते एका सुट्टीच्या दुपारी. प्लास्टर निघालं होतं. सोमवारी कामावर जायचं होतं, म्हणून हात बसलाय का ते बघायला ती खिडकीजवळच्या मशीनवर बसली. घरातलं मशीन जुनं, पण कारखान्यातल्यासारखंच मोटरचं. नणंद समोर बसून शिवलेल्या कॉलरी उलटवत होती. टोकबाईने पाय दाबला, शिलाई धावली, टोकापाशी आली, आणि थांबली.

मशीनही थांबलं आणि टोकबाईही.

"काय गं?" नणंद म्हणाली.

टोकबाईने कापड सरळ केलं. तिने पुन्हा शिवलं, पुन्हा टोकापाशी आली. चवडा उचलून टाच दाबली, की मोटर थांबते. उजव्या हाताने चाक आपल्याकडे ओढलं, की शेवटचा टाका नेमका टोकावर पडतो. टोकं अशीच निघतात. आयुष्यभर ती थांबत आली होती ती अशीच: टाच खाली, हात आपल्याकडे. मोटारसायकलवर चवडा उचलला की ब्रेक सुटतो आणि मूठ आपल्याकडे ओढली की गाडी पळते.

"वन्सं, बघा."

नणंदेने पाहिलं. तिसऱ्यांदा करायला लावून पाहिलं. मग हातातली कॉलर खाली ठेवली.

"म्हणजे तू ब्रेकच मारलास," ती म्हणाली. "मशीनचा."

"हो."

आतल्या खोलीतून नवरा म्हणाला, "सवय मोडता येईल. पुन्हा शिकवतो."

टोकबाईने पाय मशीनवरून काढून घेतला. "आणि मोडली तर?" ती म्हणाली. "सोमवारी मी कॉलरीवर बसायचं. दिवसभर टाच दाबायची. संध्याकाळी तीच टाच घेऊन गाडीवर बसायचं. अहो, मी घाबरले की कोणती टाच येईल हे मला नाही सांगता येणार."

एक विसरायचं तर दुसरं जातं. टोकं गेली तर नदीपलीकडे जायचं कारणच उरत नव्हतं.

"मला शिवता येत नाही," नणंद म्हणाली.

"ते माहीत आहे सगळ्यांना," नवरा म्हणाला.

"दादा, ऐक तर. माझ्या पायाला काहीच येत नाही. आयुष्यात याने काही चालवलं नाही. मोडायला सवयच नाही."

"तुला सायकल येत नाही."

"वहिनीला येत होती. काय उपयोग झाला?"

सुपरवायझरकडून थोडी मुदत मागून घेतली. बदल्यात टोकबाईने घरी शिवलेल्या कॉलरी नणंद बसने नेऊन देई. मैदानात बहीण-भावाचं शिक्षण सुरू झालं. नणंद पडली, गुडघे फोडून घेतले, भावाला दोनदा खाली पाडलं. "समोर काय आहे?" असं त्याने विचारलं की ती म्हणे, "तुला काय करायचंय? तू मागे लक्ष ठेव." टोकबाई कडेला उभी राहून ओरडे, "ब्रेक!" आणि नणंद दर वेळी थांबे. त्या पायाला खरंच दुसरं काही येत नव्हतं. परवाना तिलाही मिळाला.

मग मुदत संपली तो सोमवार आला. टोकबाई मागे बसली. तिला वाटत होतं, चालवायचं नाही म्हणजे भीती कमी होईल. पुलावर तिला कळलं की चालवणाऱ्याच्या हातात निदान काहीतरी असतं. मागच्याच्या हातात फक्त पुढच्याची कंबर.

पूल संपला. चढाला लागून पुढे एक ट्रक होता, पोती भरलेला. त्याचे मागचे दिवे लागले.

नणंद थांबली. लांबच थांबली, सरळ, पाय टेकवून. ट्रक किंचित मागे आला. दोघींनी ते पाहिलं. टायर फिरला, खडे दाबले गेले, आणि ट्रक पुढे निघाला.

"वहिनी," नणंद म्हणाली, "कंबर सोड. श्वास घेता येत नाही."

"चढ संपू दे."

चढ संपला. शेडचं दार दिसलं. हजेरीची घंटा अजून व्हायची होती.

"आता सोड."

"उतरल्यावर," टोकबाई म्हणाली, आणि आणखी घट्ट धरलं.