काकांनी तपासलेला समुद्र

स्वतः जाऊन चारी बाजूंनी पाहिल्याशिवाय कुठल्याही गोष्टीला ‘बरी आहे’ म्हणायचं नाही, असा माणूस सबंध नगर जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. काका काष्टीला राहतात, ऊस आणि कांदा करतात. पण नात्यागोत्यात त्यांची खरी ख्याती आहे ती घर बघण्याबद्दल. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की मुलगा बघायला बाकीचे जातात, घर बघायला काकांना नेतात. काका तिथे बैठकीत टेकतसुद्धा नाहीत. आधी गोठ्यात जाऊन गाईच्या बरगड्या बघतात, विहिरीत वाकून येतात, मोरीचं पाणी कुठे जातं ते विचारतात. शेवगावचं एक चांगलं नोकरदार स्थळ त्यांनी उभ्याउभ्या मोडलं, कारण मुलाच्या वडिलांनी बायकोने आणलेला तांब्या तिच्याकडे न बघता घेतला. “पानी देनारीकडं न बघता हात पुढं करनारं घर हाय. न्हाई म्हनून टाका,” एवढंच बोलून ते जीपमध्ये जाऊन बसले. सगळी भावकी चिडली होती. ती मुलगी मी होते. नगरच्या सावेडीतलं माझं आताचं घर काकांनीच पास केलेलं आहे, तेव्हा मी त्यांच्या बाजूची आहे हे आधीच सांगून टाकते.

अशा माणसाच्या स्वतःच्या लेकीने मात्र कुणालाही न विचारता मुक्काम ठोकला तो थेट थायलंडच्या समुद्रकाठी. प्रणाली गेली होती हॉटेलच्या नोकरीला. तिथे ती आलेल्या पर्यटकांना समुद्राखाली उतरायला शिकवणारी बाई होऊन बसली. बाजारात लोक विचारायचे, “पोरगी काय करती?” काका म्हणायचे, “नोकरी.” “कशात?” “पान्यात.” यावर लोक हसायचे आणि काका पिशवी उचलून चालू लागायचे. एक दिवस त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं, “मी जाऊन घर बघनार. पसंत पडलं तर पडलं, न्हाई तर पोरीला संगं घिऊनच येतो.” मावशीने लगेच मला फोन केला. “तू आमच्याबरोबर चल बाई. यांच्या तोंडाचा नेम न्हाई, आन् ती बी यांचीच हाय.” अशा रीतीने इंग्रजी बोलण्याच्या निमित्ताने आणि खरं म्हणजे बापलेकींच्या मध्ये उभं राहण्यासाठी माझी नेमणूक झाली.

मग सुरू झाली तयारी. पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर त्या गावाची झाडाझडती झाली. “वस्ती केवढी? प्यायचं पानी कुठून येतं? बाजार कोन्त्या वारी?” प्रणाली म्हणाली, “अण्णा, इथं रोजच बाजार असतो.” काकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. “रोज बाजार म्हंजी गावाला शिस्त न्हाई.” मग कपडे. तिथल्या हॉटेलात पोहण्याच्या तलावात उतरायचं तर सुती कपडा चालत नाही, असं मी कुठूनतरी वाचून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याकडून छत्रीच्या काळ्या कापडाची गुडघ्यापर्यंतची विजार शिवून घेतली, तीही आतून खिसा लावून. पासपोर्टच्या कामासाठी माझ्याकडे सावेडीत राहायला आले, तेव्हा शेजारच्या बांधकामावरचा वाळूचा ढीग त्यांच्या नजरेत भरला. समुद्रकाठी चालायची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी अनवाणी त्या ढिगावर चढउतार. बिल्डरच्या वॉचमनला वाटलं, हे महानगरपालिकेकडून वाळू तपासायला आलेत. त्याने खुर्ची टाकली, चहा मागवला. काकांनी चहा घेतला आणि वाळूत माती जास्त आहे असा शेराही मारला.

खरी पंचाईत पाण्याची होती. काकांनी दोन विहिरी खणल्या, पण त्यांना पोहता येत नाही, आणि हे मावशीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. ते सगळ्या गावाला ठाऊक झालं, कारण त्यांनी शिकण्यासाठी निवडलं स्वतःचं शेततळं. पाठीला रिकामा प्लास्टिकचा कॅन, कमरेला दोर, दोराचं टोक बांधावर मावशीच्या हातात. लोक ऊस सोडून बघायला यायचे. कुणी म्हणायचं, “आण्णा, या वयात कशाला?” काका पाणी थुंकत म्हणायचे, “घर बघायचं म्हंजी आत जाऊन बघावं लागतं. दारातून काय कळतंय?” महिनाभरात ते तरंगायला लागले. पाय हलवले की गोल फिरायचे, पण बुडायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी तालुक्यात निवडून आल्यासारखा पेढा वाटला.

सामानाचं वजन तर त्यांनी कांद्याच्या काट्यावर केलं. ओळखीच्या आडत्याकडे बॅगा नेल्या, भाकरीच्या पिठाने, भाजणीने आणि शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीने भरलेली बॅग हमालाने काट्यावर टाकली आणि सवयीने “पुढची गोणी!” म्हणून ओरडला. काकांनी रीतसर पावती घेतली. तिच्यावर ‘माल : कांदा’ असं छापलेलं होतं. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी ती पावती काउंटरवरच्या मुलीपुढे ठेवली. तिने हसू दाबत बॅग स्वतःच्या काट्यावर घेतली. वजन तंतोतंत जुळलं. काका मागे वळून रांगेतल्या अनोळखी लोकांना म्हणाले, “काष्टीचा काटा हाय.” मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, माझी मान ताठ झाली.

तिथे पोचल्यावर काकांनी प्रणालीची खोली पाहिली, नळ सोडून पाहिला, मालकिणीच्या मांजराच्या बरगड्यासुद्धा पाहिल्या. तक्रारीला जागा सापडेना, तसे ते परत एकदा नळ सोडून बघायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका, मावशी आणि मी तिच्या होडीतून निघालो. तिच्या हाताखाली शिकायला आलेली पाचसहा माणसं होती, त्यात एक पहिलवानासारखा गोरा गडी. पाण्यात उतरला आणि घाबरून हातपाय झाडायला लागला. प्रणालीने आरडाओरडा केला नाही. त्याच्या समोर गेली, दोन्ही हात धरले, नजर हलू दिली नाही, आणि त्याचा श्वास संथ होईपर्यंत हळूहळू बोलत राहिली. थोड्या वेळाने तो तिचा हात धरून लहान पोरासारखा खाली गेला आणि हसत वर आला. काकांनी होडीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मग छत्रीची विजार सावरत ते उठले आणि म्हणाले, “दोर कुठाय?”

“दोर नाही अण्णा, मी आहे,” प्रणाली म्हणाली.

मावशीने डोळे मिटले. काका उतरले. तोंडाला मुखवटा आणि श्वासाची नळी लावून, लेकीचं मनगट धरून ते पाण्याखाली डोकं घालून तरंगत राहिले. मला वाटलं होतं घाबरून वर येतील, पण ते वरच येईनात. शेवटी तिनेच त्यांना वर घेतलं. मुखवटा काढून त्यांनी दम घेतला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, “परत.” तसं ते तीन वेळा म्हणाले.

संध्याकाळी वाळूत बसलो असताना प्रणालीने सरळच विचारलं. मावशीने तिला सगळं आधीच सांगितलं होतं. “अण्णा, मग माझी बॅग भरू का?” मी मध्ये पडायच्या तयारीत होते. माझी गरजच लागली नाही. काका पायावरची वाळू झाडत म्हणाले, “तू आलीस तर उद्या त्या गड्याला धरनार कोन?” प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी तर उघडउघड रडली. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

काष्टीला परतल्यावर ओट्यावर माणसं जमली. घर कसं आहे म्हणून विचारू लागली. काकांनी खुर्ची पुढे घेतली. “घर चांगलं हाय. देशोदेशीची मानसं येत्यात, आन् आमच्या पोरीला इचारल्याबिगर एकबी गडी पान्यात पाय टाकत न्हाई. मी सोता उतरून बघितलंय.” काकांच्या निकालात नेहमी एखादी तरी खोट असते, म्हणून सगळे थांबून राहिले. काकांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं.

“लांब हाय तेवढं,” ते म्हणाले, आणि कांद्याला काय भाव निघाला ते विचारायला लागले.