मृणाल आणि उमरावांची शाळा

पीएचडीवाली रूममेट असली की किस्से सिंकमधल्या भांड्यांसारखे साठतात. आवरले नाहीत तर वास येतो, म्हणून सांगते.

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात मी इंजिनिअरिंग करते. मृणाल नागपूरची, इतिहासवाली. तिचा विषय म्हणजे जपानमधली उमरावांच्या मुलांसाठी काढलेली जुनी शाळा. बाई एका जागी बसत नाही. वाचतेसुद्धा किचन ते दार फेऱ्या मारत.

*

गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मराठी मंडळातल्या जोशीकाकांनी तिला विचारलं, "जपानचा इतिहास शिकायला पेनसिल्व्हेनियात?"

"काका, जपानने स्कॉलरशिप दिली नाही."

"मग बरोबर आहे," म्हणत काकांनी तिला पुलाव वाढला.

*

त्या शाळेचा एक नियम तिला फार आवडतो. मुलांनी घोडागाडीतून यायचं नाही, दप्तर नोकराकडे द्यायचं नाही. बर्फात बसची वाट बघताना ती मला हे रंगून सांगत होती. "उमरावाचा मुलगा असला तरी स्वतःचं ओझं स्वतः!"

"मृणाल, तुझे तांदूळ माझ्या हातात आहेत."

*

मग तिच्या प्रोफेसर म्हणाल्या, "नियम खूप जमवलेस. माणूस कुठे आहे? सेमिस्टर संपेपर्यंत माणूस आण, नाहीतर विषय बदल."

घरी येऊन तिने फ्रीज आवरला. मग माझं कपाट आवरायला काढलं.

"यार, बस की जरा."

"बसले तर रडेन," ती म्हणाली.

*

विषय वाचला तो ओनो आजींमुळे. गावातच राहणाऱ्या, नव्वदीला टेकलेल्या, त्याच शाळेत शिकलेल्या. मी जोशीकाकांची गाडी मागून मृणालला ड्राइव्ह करून घेऊन गेले. तिने नियमांबद्दल विचारलं. आजी म्हणाल्या, "ते पुस्तकात आहेत," आणि चहा ओतत भलतंच सांगू लागल्या.

युद्धानंतर उमरावांच्या पदव्या रद्द झाल्या, तेव्हा आजींच्या वर्गात एका कापडवाल्याची मुलगी नवीन आली. तिने आजींना विचारलं, "तुझे बाबा काय करतात?" असं त्या वर्गात कधी कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. घरी जाऊन त्यांनी वडिलांनाच विचारलं.

"वडील उठून बागेत झाडांना पाणी घालायला गेले," आजी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून बाहेर पडले, संध्याकाळी परत आले. मग रोजच जायला लागले, म्हातारे होईपर्यंत."

"कुठे जायचे?" मृणालने विचारलं. ती मघापासून जागची हलली नव्हती.

"आईने कधी विचारलं नाही," आजी म्हणाल्या. "डबा मात्र रोज द्यायची."