सेमिनारमधला माझा प्रश्न

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

दोन हजार सहा साली, परदेशात, क्वीन्सटाउनच्या एका फ्लॅटमध्ये, सुजाता आणि मी एका खोलीत राहायचो. दोघी नागपूरच्या, दोघी पीएचडी करणाऱ्या. तिचा विषय पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकेतली एक सिनेटची निवडणूक. वर्षानुवर्षं निवडून येणारा सिनेटर, आणि त्याच्यासमोर उभा राहिलेला एक शाळामास्तर. मास्तर सपाटून हरला. पण एका जिल्ह्यात त्याने सिनेटरला मागे टाकलं होतं, असं सुजाताने शोधलं होतं. सगळा प्रबंध त्या जिल्ह्यावर उभा. विभागात जो तो तिचं कौतुक करायचा. आणि माझं? माझ्याबद्दल कुणी वाईट बोलत नव्हतं, एवढंच.

तिच्या सेमिनारच्या चार दिवस आधी तिने प्रबंधातलं ते प्रकरण माझ्या हातात दिलं. "नीट बघ गं. तुझी नजर बारीक आहे."

मी बघितलं. मागे मतांच्या मूळ तक्त्याची झेरॉक्स होती. त्या जिल्ह्याच्या ओळीत तिने दोघांचे आकडे उलटे उतरवले होते. मास्तर तिथेही हरलाच होता.

"छान झालंय," मी म्हणाले.

सेमिनारला पूर्ण विभाग होता. शेवटी मी हात वर केला — हो, मीच. तो मूळ तक्ता पुन्हा दाखवशील का, म्हटलं. मग ती ओळ वाचून दाखव, म्हटलं. तिने वाचली, अडखळली, पुन्हा वाचली. मागे कुणीतरी हसलं. मी तिथे थांबू शकले असते ना? नाही थांबले. "मग तुझ्या प्रबंधात उरलं काय?" असंही विचारलं. तिची मान खाली गेली — आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

परतताना एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, तिने माझा हात धरला. "बरं झालं तूच विचारलंस. परक्याने विचारलं असतं तर मेलेच असते. तुला तिथेच दिसलं ना?"

"तिथेच," मी म्हणाले.

तिच्या स्कॉलरशिपची मुदत वाढली नाही. ती नागपूरला परतली, प्रबंध अर्धाच राहिला. माझ्या पदवीदानाला तिचं अभिनंदनाचं पत्र आलं.

त्या चार दिवसांत, ती लायब्ररीत गेली की, मी आरशासमोर उभी राहून तो प्रश्न म्हणून बघायचे — इंग्रजीत, आवाज गोड ठेवून.