उतारावरची माती

शहरातल्या गोदामातली नोकरी सोडून तो घरी परतला, तेव्हापासून सगळे त्याला 'साहेब' म्हणत. आधी कुणीतरी टिंगलीनं म्हणालं, मग तेच चिकटलं. साहेब पहाटे उठे, नांगर धरी, शेळ्यांना पाला टाकी. हात चालत, पण मन कशातच नसे. वडिलांचं शेत टेकडीच्या उतारावर होतं. पीक वर्षागणिक खुजं होत चाललेलं, आणि वरच्या अंगाला तर नुसता खडक उघडा पडलेला.

"कशासाठी राबायचं तेच कळत नाही," एकदा तो आईला म्हणाला.

आई शेंगा निवडत होती. "मलाही अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "ती टोपली इकडं सरकव."

वडिलांकडे मात्र सगळ्याचं एकच उत्तर होतं: खालच्या शेतातला म्हातारा. उतारावरची माती पावसाबरोबर वाहत जायची ती थेट त्याच्या शेतात. "आपली माती खाऊन गब्बर झालाय," वडील म्हणत. दोन्ही घरांत कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता.

एका दुपारी मोठी सर ओसरल्यावर साहेब गढूळ पाण्याच्या मागोमाग खाली उतरत गेला. म्हाताऱ्याच्या शेतात पोचला आणि थबकला. वरून आलेल्या गाळाखाली कोवळी रोपं गाडली गेली होती. म्हातारा चिखलात वाकून एकेक रोप हातानं मोकळं करत होता.

"तुझा बाप मला चोर म्हणतो ना," मान वर न करता तो म्हणाला. "बघून घे चोराचं घबाड."

साहेबाला हसू आलं आणि लाजही वाटली. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात उतरला आणि दुसऱ्या टोकाकडून रोपं मोकळी करू लागला.

काम करता करता बोलणं निघालं. उतारावर आडवा दगडी बांध घातला, तर वरची माती वर राहील आणि खालची रोपं वाचतील. म्हाताऱ्याच्या शेताच्या कडेला दगडांचा ढीग नुसता पडून होता.

"ने लागेल तेवढा," म्हातारा म्हणाला. "पण रचताना मला हाक मार. एकट्याच्या कंबरेचं काम नाही ते."

घरी हे कळल्यावर वडील अर्ध्या जेवणावरून उठले. "त्याचे दगड माझ्या शेतात?" एवढंच म्हणाले, आणि पुढे बरेच दिवस अबोला धरला.

पीक निघाल्यावर साहेबानं चर खणायला घेतला. मोठे दगड तळाशी, बारीक फटींत. म्हातारा येई, एकच दगड चारदा फिरवून बसवी आणि वर साहेबालाच घाई करी. बोटं सोलवटली, पाठ धरली. पण अंथरुणाला टेकल्यावर उद्या कुठला दगड कुठं बसेल हेच साहेबाच्या डोक्यात घोळत असे. उद्याचा विचार त्याच्या मनात असा कित्येक महिन्यांत आला नव्हता.

पुढच्या मोठ्या पावसात बांधाचं एक टोक ढासळलं. बाकीचा मात्र टिकला, आणि त्याच्यामागे ओल्या काळ्या मातीचा जाड थर साचला. साहेब ढासळलेल्या टोकाशी बसून होता, तेव्हा वडील वरून आले. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले.

"पाया उथळ घेतलास इथं," ते म्हणाले. "लोंढा या अंगानंच वळतो."

"हं."

वडिलांनी ढासळलेला एक दगड पायानं बाजूला सारला. "आपली पहार वाकलीय. त्याच्याकडे आहे का विचार."

साहेब पहार आणायला खाली गेला. त्या वर्षी पीक काही फार आलं नाही, आणि वरच्या अंगाला अजून दोन बांध घालायचे राहिले. शहरात राहणाऱ्या मोठ्या भावानं गोदामात पुन्हा जागा निघाल्याचा निरोप पाठवला, तेव्हा साहेबानं "सध्या सवड नाही" असं कळवून टाकलं. काही दिवसांनी पलीकडच्या टेकडीवरची एक बाई येऊन म्हणाली, "आमचाही उतार तसाच आहे. एकदा नजर टाकशील का?"

साहेब तिच्याबरोबर लगेच निघाला.