पाला मी झाडला होता

शेठाणीने माझी टोपली पायाने उपडी केली. शनिवारची सकाळ. फार्महाऊससमोर गाडी उभी, गाडीजवळ मुंबईचे चार पाहुणे, हातात चहाचे कप. पहाटेपासून वेचलेली मोहाची फुलं लाल फरशीवर पसरली.

"चोरी करतेस? घरी दारूला नेतेस ना?"

"नाय शेठाणी, सुकवायला."

"उचल सगळं. टोपलीत नाही, कचऱ्याच्या डब्यात."

मी उचललं. एकेक फूल. एका पाहुण्याने फोन वर धरला होता. फोटो काढत होता की काय, मला माहीत नाही. मी मान वर केलीच नाही. टोपली उपडी केल्याचा राग आता कमी झालाय. मी उचललं, त्याचा नाही झाला.

आमचा पाडा तलासरीच्या डोंगराकडे. २०१८ ची दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. दिवसाला कधी एक हादरा, कधी चार. आधी खालून आवाज यायचा, मग मांडणीवरची भांडी वाजायची. घरकुलाच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली. सरकारी माणसं घरात झोपू नका म्हणाली, तंबू दिले. त्या थंडीत आम्ही शेतात झोपलो. बाची छाती भरली. महिनाभर खोकला, मग बा गेला. कागदावर खोकल्याने मेला असं लिहिलं. जमिनीचं नाव कुठेच आलं नाही.

त्यानंतर मला भिंतीचीच भीती बसली. भाकरी करताना एक पाय दाराबाहेर. झोप नाही, भूक नाही. कुणी हाक मारली तरी दचकायचे. आयस, माझी आई, म्हणायची, रड तरी. तेही येत नव्हतं.

अशात फार्महाऊसवर काम मिळालं. आमच्या ओहोळापलीकडेच. झाडू, भांडी, चादरी धुणं. मालक मुंबईचे शेठ-शेठाणी, शनिवार-रविवार पाहुण्यांना घेऊन यायचे. आमची जमीन हलते म्हणून त्यांचे निम्मे पाहुणे कमी झाले होते. बाकीचे शांतता हवी म्हणून यायचेच.

अंगणात मोहाचं झाड होतं. ते बाचं. कागदावर नाही. आमच्यात कागद लागत नाही. होळी जवळ आली की मोहाच्या बुडाचा पाला झाडून जागा साफ करायची. ज्याने झाडली, त्या हंगामाचा मोह त्याचा. मग फुलं दुपारपर्यंत पडून राहिली तरी दुसरा हात लावत नाही. बाने त्या झाडाखाली जन्मभर पाला झाडला. मग तारेचं कुंपण आलं आणि बा जायचा बंद झाला. सावलीला बरं म्हणून शेठने झाड ठेवलं. मोह हिरवळीत सडायचा.

कामाच्या पहिल्याच दिवशी शेठाणी म्हणाली, "झाडाखालचा पाला रोज काढायचा. पाहुणे तिथे बसतात."

मी झाडला. होळी तोंडावर होती. चूक म्हणायची तर ती इथे झाली. शेठाणीला वाटलं अंगण साफ झालं. मला वाटलं मोह माझा झाला. विचारायचं असतं हे मला सुचलंच नाही.

पहाटे मी सगळ्यांच्या आधी यायची. झाडायची, वेचायची, मग बुंध्याला पाठ टेकून थोडा वेळ बसायची. मोहाचा तो गोड, उग्र वास. वर पाखरं. एका पहाटे बसलेली असतानाच हादरा आला. बुंधा पाठीला थरथरताना कळला आणि टपटप टपटप मोह पडला, डोक्यावर, मांडीवर, पदरात. पडायला इथे भिंत नव्हती. बा गेल्यापासून पहिल्यांदा मी रडले. खूप रडले. मग उठून चादरी धुतल्या. त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले.

म्हणजे शांती मलाही मिळत होती. पाहुण्यांतली एक बाई त्याच जागी चटई टाकून तासभर डोळे मिटून बसायची. एकदा मला म्हणाली, "तुम लोग कितने लकी हो. ये सब रोज मिलता है."

"हाँ मॅडम," मी म्हटलं.

टोपली उपडी झाली त्या संध्याकाळी आयसने रिकामी टोपली बघितली. मी सगळं सांगितलं.

"उचललंस तू?"

"हाव."

तिने तोंड चुलीकडे वळवलं. "तुझ्या बानं नसतं उचललं."

मला बाचाच राग आला. तोही तारेपाशी थांबला होता की. एकदा तरी आत जायचं, म्हणायचं, मोह माझा आहे. मेलेल्या माणसावर रागावले म्हणून मग स्वतःची लाज वाटली. पण राग खरा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी पाला झाडत होते. खालून आवाज आला आणि मोठा हादरा बसला. घरातून सगळे ओरडत बाहेर आले, कुणी अनवाणी, कुणी टॉवेलवर. धावत आले ते मोहाखालीच. चटईवाली बाई माझा दंड धरून थरथरत होती. मी तिला खाली बसवलं.

जमीन थांबली. शेठाणीने श्वास घेतला, केस नीट केले आणि मला बघितलं.

"तू तिकडे उन्हात जा. पाहुण्यांना नीट उभं राहू दे."

पाय जायला निघाले होते. सवयीने. मी ते थांबवले.

"मी नाय हलायची," मी म्हटलं. "ह्याच्या बुडाचा पाला मी झाडलाय. मोह माझा हाय."

"उद्यापासून कामाला येऊ नकोस."

"कामाला नाय येणार. मोहाला येणार."

चटईवाली बाई खाली बघत होती. मी टोपली घेतली, त्यांच्या पायांमधला मोह वेचला आणि निघाले. दमले होते. जिंकले वगैरे काही वाटलं नाही. पगार गेला, तो परत कसा मिळणार हेच डोक्यात होतं.

सोमवारी पहाटे गेटला कुलूप. वॉचमन शेजारच्या पाड्याचा. म्हणाला, "बाय, नको ना. माझी नोकरी जाईल."

"तू नको उघडू," मी म्हटलं.

ओहोळाच्या बाजूला गेले. काठीने तार उचलली आणि खालून आत शिरले. पाठीला ओरखडा आला. पाला झाडला. मोह वेचला. बुंध्याला टेकून बसले, रोजच्याएवढाच वेळ. मग तशीच तारेखालून बाहेर आले आणि टोपली डोक्यावर घेऊन, वळसा घालून, मुद्दाम गेटसमोर आले.

"शेठाणीला फोन लाव," वॉचमनला म्हटलं. "सांग, मी आलेली. पाला झाडला, मोह नेला. उद्या परत येणार."