सत्तेचाळिसावं लाकूड

आमच्या गोठ्यात सत्तेचाळीस लाकडं होती. मी तो उतरवून दुसरीकडे उभा केला, तेव्हा शेहेचाळीसच लागली. (कंपनीत याला बचत म्हणतात. गोठ्यात काय म्हणतात ते पुढे येईलच.)

शिरूरहून दौंडकडे निघालं की न्हावरे लागतं. तिथे रस्त्याला चिकटूनच आमचा गोठा होता. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मोजणीवाल्यांनी आमच्या पहिल्याच खांबावर लाल फुली मारली. गोठा माझ्या आजोबांच्या वेळचा. बांधावरच्या बाभळी तोडून केलेले खांब, प्रत्येकाच्या डोक्याला झाडाचंच बेचकं, त्या बेचक्यात आडवी तुळई, वर वासे, आणि सगळ्यांच्या वर कण्यासारखं एक लांबलचक आढं. सगळा सांगाडा खाचेत खाच बसवून, लाकडी खुंट्या ठोकून उभा केलेला. लोखंडाचा एक खिळा नाही. छपरावर आधी पाचट होतं, मग कौलं आली, मग पत्रे. खालचा सांगाडा मात्र जागचा हलला नाही.

"पाडायचा न्हाई, उतरवायचा," आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील. "आन् मागच्या वावरात हाय तसा उभा करायचा. वसुबारसेच्या आत."

"एवढी घाई कशाला, आबा?"

"घाई मला न्हाई, गौरीला हाय."

गौरी आमची गाय. ती गाभण होती आणि दिवाळीच्या सुमाराला व्यायची होती. तिची आई आणि आजी याच गोठ्याच्या तिसऱ्या खणात व्यायल्या होत्या, त्यामुळे आबांच्या लेखी तो खण म्हणजे खानदानी बाळंतिणीची खोली.

"ती लोकाच्या पत्र्याखाली व्याली, तर तुझं तोंड बघायचो न्हाई मी," आबांनी विषय संपवला.

आता मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे स्क्रूलासुद्धा नंबर असतो. मी खडूचा डबा घेतला आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक लाकडावर आकडा टाकला. शेवटचं लाकूड माळ्यावर कडब्याखाली आडवं होतं. तिथे पोटावर सरपटत गेलो आणि नाकातोंडात कडबा घेऊन लिहिलं : ४७.

"आरं दत्तू, आईलपेंटनं लिही," आबा खालून म्हणाले. "खडू कितीसा टिकतुय?"

"आबा, जुनं काम आहे. ऑइलपेंट लावून त्याची शोभा घालवायची का?"

आबांनी माझ्याकडे बघितलं आणि तंबाखूला चुना लावला.

दुसऱ्या दिवशी भाद्रपदी पोळा. आमच्याकडे बैल कधीच संपले, पण पोळा संपलेला नाही. मी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो, तर गोठा नव्या नवरीसारखा उजळलेला. प्रत्येक खांबाला गेरू, प्रत्येक गेरूवर चुन्याचे ठिपके. पोळ्याला गोठा रंगवतात हे मी जन्मापासून बघत आलोय. फक्त खडू हातात धरला, त्या दिवशी तेवढं विसरलो.

"अहो, खांबांवर कुणीतरी आकडे खरडून ठेवले होते," माझी बायको सुनंदा म्हणाली. "आधी ओल्या फडक्यानं पुसून काढले, मगच गेरू लावला."

"आणि वरच्या वाशांवरचे?"

"ते जळमटांबरोबर गेले. तिथंपण होते का?"

"सुनंदा, ते मी लिहिले होते."

"मग अक्षर तरी बरं काढायचं."

मी धीर सोडला नाही. नंबर टाकताना मोबाइलवर फोटो काढले होते ना! सगळे फोटो बघितले. प्रत्येकात मी होतो. खांबाला टेकलेला मी, तुळईकडे विचारपूर्वक बघणारा मी. गोठा बिचारा मागे कुठे कुठे दिसत होता.

तरी ठरल्या दिवशी गडी बोलावले आणि गोठा उतरवला. आबांनी गौरीला शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधलं. ती वैरणीकडे पाठ करून उभी राहिली. मागच्या वावरात लाकडांचा ढीग पडला आणि त्या ढिगासमोर मी. इनामगावला घोड नदीच्या काठी जमीन उकरून फार पुरातन घरं शोधून काढली म्हणतात. भिंती नाहीत, छप्पर नाही, तरी उकरणाऱ्यांना कळलं कुठे काय होतं. माझ्याकडे अख्खा गोठा होता, गेरू लावलेला, आणि मला वासा कुठला नि तुळई कुठली तेही ओळखू येईना. चार दिवसांत मी दोन खांब उभे केले. पाचव्या दिवशी त्यातला एक काढला.

शेवटी शिरूरहून सलीमभाईंना बोलावलं. आमचा गोठा त्यांच्याच आजोबांनी, हुसेन सुतारांनी बांधला होता. सलीमभाई हल्ली प्लायवूडची कपाटं करतात. ढिगाभोवती एक फेरी मारून त्यांनी एक तुळई पालथी केली आणि हसायला लागले.

"दत्तूभाऊ, नंबर हायेत की यावर."

"पुसले गेले हो ते."

"तुमचे न्हाई. आजोबांचे."

लाकूड जिथे लाकडात शिरतं, त्या आतल्या टोकावर पटाशीनं मारलेल्या बारीक खाचा होत्या. तुळईच्या टोकाला तीन खाचा, तर खांबाच्या बेचक्यातही तीन. पाचाला पाच, सहाला सहा. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, म्हणून तर ते पोळ्यातून वाचलं होतं.

"आबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाही?"

"तू क्वालिटीला हायेस. मला वाटलं तुला दिसलं आसंल."

मग आठ दिवसांत सांगाडा उभा राहिला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी सलीमभाईंनी शेवटची खुंटी ठोकली, चहा घेतला आणि गेले. मी मागे वळलो, तर कुंपणाच्या कडेला एक लाकूड पडलेलं.

पूर्ण गोठा उभा, आणि एक लाकूड शिल्लक.

सलीमभाईंना फोन करावा, तर स्वतःची अब्रू जाणार. (ते आल्या आल्या त्यांना मोठ्या तोंडानं ऐकवलं होतं की लाकडं मी मोजलेली आहेत.) मी इकडेतिकडे बघितलं, लाकूड उचललं आणि माळ्यावर नुकत्याच चढवलेल्या कडब्याखाली ढकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनंदानं ओवाळायचं ताट घेतलं आणि आबांनी गौरीला तिसऱ्या खणात नेलं. मी आढ्याकडे बघत होतो. नेमकं कुठलं लाकूड नाही? कधी पडेल? गौरी दोनदा गोल फिरली, बसली, उठली. मग कळ आली तशी तिनं सगळं अंग खांबावर टाकलं, आणि वर कुठेतरी करकरलं.

"बाहेर काढा तिला!" मी ओरडलो आणि दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली.

"अहो, काय झालं?" सुनंदा ताट घेऊन तशीच उभी.

"गोठा पडणार आहे. एक लाकूड लावायचं राहिलंय. मी लपवून ठेवलंय."

"कडब्याखाली," आबा म्हणाले. ते गौरीच्या पाठीवरून हात फिरवत होते, माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "ठेवताना बघितलं मी तुला."

"आबा, तुम्ही बघितलं आणि..."

"हुसेन सुतारानं ते मापात चुकवलं हुतं. त्याच्या टोकाला खाच न्हाई, जाऊन बघ. गोठा उभा राह्यला तवा माझ्या बापाजवळ ते आसंच उरलं. तो घाबरला, आन् गुपचूप माळ्यावर कडब्याखाली सारून आला. मी सात वर्सांचा हुतो. तवाबी बघितलं, तवाबी गप बसलो."

मी खांब सोडला नाही. खांबाला माझी गरज नव्हती हे कळलं होतं, मला त्याची होती. तेवढ्यात गौरी आडवी झाली आणि थोड्या वेळानं तिसऱ्या खणात एक ओली, लटपटती कालवड उभी राहिली. तिला माझ्यापेक्षा लवकर उभं राहता आलं.

पाडव्याला मी ऑइलपेंट आणला. माळ्यावर पोटावर सरपटत गेलो आणि त्या लाकडावर आमच्या पुढच्या पिढीसाठी ठळक अक्षरात लिहून ठेवलं : "जादा. हे उरतंच. खांबाला मिठी मारू नये."