युटाची तयारी

ओहायोत डोंगर नाहीत. आम्ही राहत होतो ते डब्लिन तर इतकं सपाट, की अंगणात सकाळी ठेवलेला चेंडू संध्याकाळी तिथेच सापडेल, असं बाबा म्हणायचे. ते नाशिकचे. कॉलेजात असताना त्यांनी आसपासचे सगळे किल्ले पालथे घातले होते. मी अकरा वर्षांची असताना आम्ही अमेरिकेत आलो, बाबा एका कंपनीत इंजिनीअर म्हणून लागले, आणि त्यांचं चढणं-उतरणं संपलं ते संपलंच. किल्ल्यांच्या गोष्टी तेवढ्या ते सांगायचे, त्याही पाहुणे आले की.

त्या वर्षी मी तेवीस वर्षांची होते. घरी राहूनच युनिव्हर्सिटीत मायक्रोबायॉलॉजीचं मास्टर्स करत होते. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जेवताना बाबांनी एकदम विचारलं, "मार्चमध्ये, स्प्रिंग ब्रेकला, युटाला जाऊ या? लाल खडकांचा प्रदेश आहे. मस्त हायकिंग करू."

आई म्हणाली, "मी मोटेलच्या दारात विणत बसेन. तुम्ही दोघं या भटकून."

मला खरंच वाटेना. हायस्कूलपासून बाबांचं आणि माझं बोलणं म्हणजे ग्रेड्स, गाडीचं ऑइल आणि घरी किती वाजता येणार, एवढंच होतं. आणि आता ते मला विचारत होते, कुठली दरी आधी करायची?

बेसमेंटमध्ये एक पिंगपाँगचं टेबल होतं. बाबांनी त्याचं नेट काढून ठेवलं आणि सरकारी ऑफिसातून मागवलेले मोठाले नकाशे त्यावर पसरले. लॅबमधून घरी आले की मी थेट खालीच जायचे. ते पेन्सिलीच्या टोकाने दाखवायचे, "या उंचीच्या रेषा बघ. एकमेकींपासून लांब आहेत तिथे चालायला सोपं. एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे समज." काही दिवसांत मला ते कागद बघून डोळ्यांसमोर खडक उभा करता यायला लागला. एका घळीतून खाली उतरून पलीकडच्या दगडी पठारावर चढायची एक वाट मी एकटीने शोधून काढली. बाबांनी ती दोनदा तपासली आणि म्हणाले, "जमतंय की तुला." इतकी वर्षं त्यांच्याकडून मला काय ऐकायचं होतं, ते मला तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी, बर्फ नसेल तर, आम्ही युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमवर जायचो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या. सिमेंटच्या पायऱ्या वरपर्यंत चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. "उतरताना गुडघे ताठ ठेवू नकोस," ते मागून ओरडायचे. घामाने स्वेटर ओला व्हायचा. नवे बूट चावायचे. मग गाडीत बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायचो आणि वाळवंटात माणशी किती पाणी न्यायचं यावर वाद घालायचो. त्या गाडीत मी त्यांना कितीतरी गोष्टी सांगितल्या. पीएचडी करायची नाही, नोकरी करायची आहे, हेही तिथेच सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली होती.

एका रविवारी त्यांनी कॅमेरा आणला. मी वरच्या पायरीवर उभी होते.

"टोपी काढ. आणि केस जरा नीट कर."

"बाबा, हायकिंगचा फोटो आहे ना?"

"असू दे. छान यायला हवा."

मी हसले, केस नीट केले.

फेब्रुवारी संपता संपता मी मोटेलला फोन लावला. आम्हाला उजाडायच्या आत निघायचं होतं, तर डबा बांधून मिळेल का एवढंच विचारायचं होतं. पलीकडची बाई मोठी हसतमुख होती. तिने बुकिंग पाहिलं आणि म्हणाली, "हो हो, तुम्ही दोन कुटुंबं ना? कॅलिफोर्नियाच्या पाहुण्यांच्या खोल्या तुमच्या अगदी शेजारी दिल्या आहेत, तुमच्या वडिलांनी सांगितलं तशाच. आणि पहिल्या संध्याकाळी सगळ्यांसाठी एकच मोठं टेबल."

मी म्हटलं, काहीतरी चुकतंय. तिने बाबांचं नाव वाचून दाखवलं. चुकत नव्हतं.

बाबा ऑफिसातून आले तेव्हा मी बेसमेंटमध्येच होते. "कॅलिफोर्नियाचे कोण आहेत?" मी विचारलं.

ते दचकले वगैरे नाहीत. त्यांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला. "चांगले लोक आहेत. मूळचे पुण्याचे. मुलगा कॉम्प्यूटरमध्ये आहे. नुसती भेट होईल गं. नाही पसंत पडला तर नाही म्हण, कोणी जबरदस्ती करतंय का?"

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

एक गोष्ट डोक्यात आली आणि ती विचारायची मला भीती वाटली, तरी विचारली. "हायकिंग कोणाला आवडतं, बाबा?"

ते नकाशाची कड सरळ करत राहिले. "मुलाला फार आवड आहे. त्याची आईच म्हणाली, मुलगी आउटडोअर टाइप हवी. मग मी म्हटलं, तुलाही गोडी लागली तर..."

म्हणजे त्या पायऱ्या, ते रेषा वाचायला शिकवणं, ते 'जमतंय की तुला'. फोटोही तिकडेच गेला होता. मला एका पोरासाठी तयार केलं जात होतं, आणि मला वाटत होतं की माझ्या वडिलांना मी नव्याने आवडायला लागले आहे.

"म्हणजे हे सगळं त्याच्यासाठी?"

"असं काय करतेस? दोन्ही होतं. मलाही मजा येतच होती ना."

स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती. "तुला माहीत होतं?" मी विचारलं. तिने मान वर न करता म्हटलं, "हो." पुढे काहीतरी बोलणार होती, पण मी थांबले नाही.

चार दिवस मी बाबांशी बोलले नाही. पण युटा मला सोडवेना. ती घळ मी शोधली होती. शेवटी मीच खाली जाऊन त्यांना सांगितलं, "मी त्या लोकांबरोबर जेवेन. नीट बोलेन. पण माझी वाट आपण दोघांनीच करायची. त्यात ते नकोत."

"कबूल," बाबा लगेच म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला थोडं बरंही वाटलं.

निघायला आठवडा राहिला असताना कॅलिफोर्नियाहून फोन आला. बाबा बराच वेळ नुसतं "हो, हो, बरोबर आहे," म्हणत होते. मुलाचं दुसरीकडे जमलं होतं. मी आतल्या आत खूश झाले. आता तर ट्रिप पूर्ण आमचीच होती. झोपताना मी बुटांना मेणही चोळून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले, खाली गेले, तर पिंगपाँगच्या टेबलाला नेट लावलेलं होतं. नकाशे कुठेच नव्हते.

"मोटेल कॅन्सल केलं," बाबा वरून म्हणाले. "विमानाचंही."

"का?"

"आता कशाला जायचं एवढ्या लांब? लोकांनी असा अपमान केल्यावर?"

"कोणाचा अपमान? मी तर त्याला पाहिलंही नव्हतं. बाबा, आपली वाट होती ना?"

मी वर आले, तरी ते टीव्हीकडेच बघत होते. "जाऊ पुन्हा कधीतरी," ते म्हणाले, आणि आवाज वाढवला.

आधीचं मी पचवलं असतं. मुलगा दाखवायचा म्हणून खोटं बोलणारे आईबाप माझ्या मैत्रिणींनाही होते; आम्ही त्यांच्यावर चिडायचो आणि हसायचोही. पण त्या संध्याकाळी मला समजलं, की मुलगा वजा केला तर बाबांच्या हिशेबी त्या ट्रिपमध्ये काहीच उरत नव्हतं. मी तर उरलेच होते.

आईने दोन दिवसांनी माझ्या खोलीत येऊन म्हटलं, "मी येऊ का तुझ्याबरोबर? हळूहळू चढेन." मी नको म्हटलं. तिने आग्रह केला नाही.

मास्टर्स झाल्यावर मी डेन्व्हरला, डोंगरांच्या पायथ्याशी, एका लॅबमध्ये नोकरी घेतली. ओहायोतही एक मिळत होती. घरी सांगितलं ते होकार कळवून झाल्यावर. बाबा म्हणाले, "विचारायचं तरी."

पुढच्या एप्रिलमध्ये लॅबमधल्या दोन मुलींबरोबर मी युटाला गेले. घळ नकाशात दिसायची त्याहून अरुंद होती, आणि तिच्या तळाशी कागदावर कुठेच नसलेलं पाणी होतं, घोट्यापर्यंत, बर्फासारखं गार. बूट गळ्यात अडकवून आम्ही ते पार केलं. वर आलो तेव्हा ऊन कलत होतं आणि सगळं पठार निखाऱ्यासारखं लाल झालं होतं. दोघी मुली ओरडत पुढे पळाल्या. मी तिथेच बसले आणि बुटांतली वाळू झटकत राहिले. हे सगळं सांगायला माझ्याकडे एकच माणूस होता, आणि त्याला सांगायचं नाही हे मी केव्हाच ठरवलं होतं.

परत आल्यावर रविवारी नेहमीसारखा घरी फोन केला. बाबांनी उचलला.

"कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"छान होतं."

मग त्यांनी डेन्व्हरची हवा विचारली, ती मी सांगितली, आणि त्यांनी फोन आईला दिला.